छप्पन की साठ

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावर चित्र आलं. ते थरथरत होतं. खोलीत तिघं होते, पण थरथर दिसली एकट्या वंदनाला.

"आलं ना ताई!" जितेंद्र खुर्चीवरून उठलाच. "चार जणांनी भंगारात टाक म्हटलं होतं. चला, आता गाडीत भरू. बारापर्यंत निघालो त चारले मशीन सुरू."

"थांब गा," वंदना म्हणाली.

कॉम्प्युटरमध्ये आधीच साठवलेल्या त्या चित्रात करड्या पट्ट्यावर ठेवलेली अकरा संत्री होती. नरखेड तालुक्यात जितेंद्रच्या शेडमध्ये संत्री निवडायचं एक जुनं यंत्र आहे. पट्ट्यावरून फळं सरकतात, वरचा कॅमेरा ती जवळून पडद्यावर दाखवतो, आणि खुर्चीवर बसलेल्या मनकर्णाबाई डागी फळ आलं की बटन दाबतात. यंत्राच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड दहा दिवसांपूर्वी जळलं. नवं कार्ड बसवलं, पण वीस वर्षं जुना पडदा त्याला ओळखेना. कार्ड आजच्या चालीनं चित्र पाठवत होतं आणि पडदा काळा राहून एका ओळीत नकार कळवत होता. आंबिया बहाराची संत्री तोडून क्रेटमध्ये पडलेली. शेवटी जितेंद्रनं पडदा आणि कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून गाडीत टाकला, मागच्या सीटवर मनकर्णाबाईंना बसवलं आणि सकाळी नऊला नागपूरच्या नंदनवनात वंदनाच्या दारात गाडी उभी केली. बाईंना आणलं कारण चित्र पूर्वीसारखं आहे की नाही हे त्याच सांगू शकत होत्या. पडद्याच्या पाठीवर जुन्या मेकॅनिकनं खडूसारख्या पेननं लिहिलेलं होतं, ८०० बाय ६००, ५६. सेकंदाला छप्पन वेळा चित्र नव्यानं काढायचं. वंदनानं तेच आकडे कार्डाच्या सेटिंगमध्ये हातानं भरले, एकेक, ओळीची लांबी, मधली रिकामी जागा, ओळ संपल्याची खूण, पुन्हा रिकामी जागा, आणि चित्र आलं. तिला सांगितलेलं काम इथे संपत होतं.

तिनं डावा डोळा मिटला. करडा पट्टा थरथरत होता, अगदी बारीक, उकळी यायच्या आधी पाणी हलतं तितका. मग तिनं उजवा मिटला. डाव्या डोळ्यानं पट्टा पिवळट दिसला, जुन्या कार्डपेपरसारखा, आणि स्थिर. तिनं पुन्हा करून पाहिलं. उजव्यानं निळसर आणि थरथरता, डाव्यानं पिवळट आणि थांबलेला. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही जणांना नव्या भिंगातून काही दिवस कडेला प्रकाश हलल्यासारखा वाटतो, घाबरायचं नाही. ती घाबरली नव्हती. पण डॉक्टरांना हे माहीत नव्हतं की पडद्यांचे दोष काढायचा वंदनाचा सत्तावीस वर्षांचा धंदा या एकाच गोष्टीवर उभा होता, की इतरांना दिसत नाही ते तिला दिसतं. आता दिसलेलं पडद्याचं होतं की भिंगाचं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"मनकर्णाबाई," तिनं विचारलं, "असंच दिसत होतं का शेडमध्ये?"

"हो, असंच," बाई पदर सावरत म्हणाल्या. सोफ्याच्या अगदी काठावर बसल्या होत्या, परक्या घरी बसतात तशा. "रंग बरोबर आहे. डाग बी दिसते."

"मावशीचं डोकं त कायमच दुखते," त्यांना कपाळ चोळताना पाहून जितेंद्र हसत म्हणाला. "सीझन सुरू झाला का दुखलंच, दर घंट्याले उठते खुर्चीवरून. चश्मा बदलून झाला, बाम लावून झाला. आता मी म्हणतो मावशी, डोकंच बदलून आण नागपूरवरून."

"आणतो ना, तुझंच घेऊन जातो. वापरलेलं नाही, नवंच आहे," बाई म्हणाल्या. जितेंद्र मोठ्यानं हसला. वंदना हसली नाही. तिचा हात नकळत उजव्या भुवईवर गेला होता. सत्त्याण्णव साली इतवारीत रुपराव शेठच्या छापखान्यात ती लग्नपत्रिका जुळवायची तेव्हा दुपारी तीनच्या सुमाराला तिथूनच दुखणं सुरू व्हायचं. खाली भांड्यांचं दुकान, दिवसभर पितळ आणि स्टील आपटल्याचा आवाज, वरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, चौदा इंची काचेचे मॉनिटर. सगळे सेकंदाला साठवर चालायचे. तिला त्यांचं लुकलुकणं दिसायचं, विशेषतः पांढऱ्यावर, आणि पत्रिका म्हणजे पांढरंच. बाकीचे दोघे म्हणायचे, तुले भास होऊन राहिला. एकजण म्हणायचा, घरी भांडून आली का वं आज. डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळे ठणठणीत सांगितले, सासूनं दृष्ट काढली. मग एका दुपारी ती हातातली पेन्सिल मॉनिटरसमोर सहज हलवत होती आणि तिला एका पेन्सिलीच्या जागी नऊ पेन्सिली दिसल्या, पंख्यासारख्या, सुट्या सुट्या. खिडकीशी जाऊन हलवली तर नुसता पुसट पट्टा. परत मॉनिटरसमोर, पुन्हा नऊ. ती उठून रुपराव शेठच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, माझ्यासोबत या. शेठनं स्वतः पेन्सिल हलवली, तीनदा हलवली. "हे कोणी शिकवलं तुले?" कोणीच नाही, ती म्हणाली. तो क्षण तिनं कोणालाही सांगितलेला नाही, पण तो तिच्याकडे आहे. शेठच्या हातातली पेन्सिल, खालून येणारा भांड्यांचा आवाज, आणि आपण वेडे नाही हे कळल्यावर पाठीच्या कण्यातून वर चढलेला ताठपणा. नंतर तिनं मॉनिटरचं पुस्तक शोधून काढलं, साठाचे पंच्याहत्तर केले, मग पंच्याऐंशी. पेन्सिली जवळ जवळ आल्या. डोकं दुखायचं थांबलं. महिन्याभरात शेजारच्या छापखान्यांतून माणसं यायला लागली, ती वंदनाची सेटिंग जरा आमच्याकडे करून द्या म्हणत.

तिनं पेन्सिल आताही उचलली आणि पडद्यासमोर हलवली. नुसता पुसट पट्टा. हे होणारच होतं. या जातीच्या पडद्यामागचा दिवा सतत जळतो, लुकलुकत नाही. इथे दोष असला तर तो वेगळा असतो. प्रत्येक ठिपक्याला मिळणारी वीज दर चित्रागणिक उलटी फिरते, आणि दोन्ही दिशांचं माप पूर्ण जुळत नसेल तर करडा रंग हलतो. चित्रं जितकी हळू, तितकं ते हलणं दिसण्याजोगं. पण पेन्सिलीनं ते पकडता येत नाही. तिच्या जुन्या साक्षीदाराला इथे काहीच बोलता येणार नव्हतं.

"ताई, जसं होतं तसं झालं ना? मंग?" जितेंद्र घड्याळ पाहत होता.

"होतं तसंच वाईट आहे," ती म्हणाली. "एक तास दे मले. छप्पनाचे साठ करते."

"चारनं काय फरक पडते, ताई?"

"तुले नाही पडणार."

तिनं साठचं नेहमीचं माप कार्डाला सांगितलं, आणि पडदा काळा झाला. तिचे हात लगेच मांडीवर गेले. ही तिची शिस्त होती. पडद्याचं माप बदललं की कॉम्प्युटर विचारतो, हे ठेवू का. आणि पंधरा सेकंदांत कोणी हो म्हटलं नाही तर तो जुन्यावर परत जातो. पण जन्मभर टाइप करणाऱ्या माणसाची करंगळी न विचारता एन्टर दाबते, आणि काळ्या पडद्यावर दाबलेला एन्टर म्हणजे काळाच पडदा कायमचा. तिनं अशी किती तरी माणसं पाहिली होती. म्हणून हात मांडीवर, ओठांतल्या ओठांत मोजणी. तिला ही पंधरा सेकंदांची व्यवस्था कॉम्प्युटरच्या सगळ्या कारभारात सर्वांत सभ्य वाटायची. विचारायचं, थांबायचं, उत्तर आलं नाही तर मुकाट मागे व्हायचं. रुपराव शेठच्या काळात हे नव्हतं. तेव्हा तिनं पंच्याऐंशीवर समाधान न मानता एका मॉनिटरला शंभर सांगितले होते. नळीतून बारीक शीळ निघाली, चढत गेली, मग जळल्याचा वास, मग काही नाही. ती आकडे लिहिलेला कागद घेऊन शेठसमोर उभी राहिली. शेठनं आकडे वाचले, कागद तिला परत दिला आणि ते म्हणाले, "लिहून ठेव. पुढच्यानं जाळू नये." तेव्हापासून वही आहे. सध्याची अकरावी.

चौदा, पंधरा. चित्र परत आलं, छप्पनावर. पडद्याला साठ नको होते, की साठसाठी लागणारा ठिपक्यांचा वेग नको होता? नेहमीच्या साठला सेकंदाला चार कोटी ठिपके लागतात, छप्पनाला तीन कोटी साठ लाख. तिनं वहीचं कोरं पान घेतलं. ठिपके तीन कोटी साठ लाखच ठेवायचे. मग काटायचं कुठे? चित्राची ओळ आठशे ठिपक्यांची, पण कार्ड ओळीला एक हजार चोवीस मोजतं. वरचे दोनशे चोवीस रिकामे. जुन्या काचेच्या मॉनिटरला ओळ संपल्यावर मागे फिरायला उसंत लागायची, त्या काळची ती रीत. या पडद्याला मागे फिरायचंच नाही. पत्रिकेत मजकूर मावत नसला की ती अक्षर कधी लहान करायची नाही, समास काटायची. तिनं दोनशे चोवीसचे एकशे साठ केले. ओळ झाली नऊशे साठ. ओळी सहाशे पंचवीस, तशाच. भागाकार हातानं केला, कारण हातानं केल्यावरच तिचा विश्वास बसतो. बाकी शून्य आली. साठ, बरोब्बर साठ, दशांशानंतर काहीही नाही. आपल्या चेहऱ्यावर हसू आल्याचं तिला जाणवलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं एका भागाकारासाठी असं हसावं याची तिला लाज वाटली नाही. हे आकडे कुठल्या यादीत नव्हते, कार्डात नव्हते, पडद्याच्या पाठीवर नव्हते. ते या पानावर होते.

आकडे भरले. काळं. हात मांडीवर. चार मोजले नाहीत तोच अकरा संत्री जागच्या जागी येऊन बसली. तिनं उजव्या डोळ्यानं पाहिलं. पट्टा थांबला होता.

"आता?" जितेंद्र म्हणाला. "मले त तसंच दिसून राहिलं, खोटं नाही सांगत."

तसंच. हा शब्द तिनं सत्तावीस वर्षं ऐकला होता आणि दर वेळी तिला त्यावर हसू यायचं. आज आलं नाही. कारण तिला थांबलेलं दिसलं ते साठ केल्यावर, आणि साठ केले हे तिला ठाऊक होतं. साक्ष हवी होती, ती आकडा न कळणाऱ्याची. तिनं मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्यांना नुसतं विचारून उपयोग नव्हता. त्या म्हणाल्या असत्या, तुमी म्हणसान ते. तेव्हा वंदनानं वहीत एक क्रम लिहिला, छप्पन, साठ, साठ, छप्पन, साठ, छप्पन, आणि त्यावर हात ठेवला. बाईंना सांगितलं, मी म्हणेपर्यंत भिंतीच्या कॅलेंडरकडे पाहा, मग पडद्याकडे वळा, जे वाटते ते सांगा, माझ्या तोंडाकडे पाहू नका. ठेवू का असं विचारणारी पाटी त्याच कॉम्प्युटरला जोडलेल्या तिच्या स्वतःच्या शेजारच्या मॉनिटरवर उघडायची. ती बाईंना दिसणार नव्हती.

"परीक्षा आहे का वं?" बाई म्हणाल्या.

"परीक्षा माझी आहे. तुमी फक्त बसा."

"बसतो. पण मले सारखं पडद्याकडे पाहा लागत नाही, ताई. नजर पट्ट्यावर राहते. पडदा असा बाजूनं दिसते, शंका आली का मंगच तिकडे वळतो." त्यांनी सोफ्यावरून उठून एक खुर्ची तिरकी ओढली, शेडमध्ये असते तशी, आणि तिच्यात बसून पट्टा समजून टीपॉयकडे नजर लावली. पडदा त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात राहिला.  लुकलुक नजरेच्या मध्यापेक्षा कडेला जास्त कळते हे वंदनाला वाचून ठाऊक होतं. या बाई रोज आठ तास नेमक्या तशाच बसत होत्या, आणि कोणी त्यांना विचारलं नव्हतं की तुम्ही पाहता कसं.

पहिल्या फेरीला बाई थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "कपाळात टुकटुक होते." छप्पन. दुसऱ्या फेरीला, "थांबलं." साठ. तिसऱ्याला, "आता बी नाही." साठ. चौथ्याला बोलायच्या आधीच त्यांच्या कपाळावर आठी पडली. छप्पन. वंदना प्रत्येक उत्तरापुढे बरोबरची खूण करत होती आणि तिचं पेन कागदात जास्तच रुतत होतं. पाचव्या फेरीला तिनं साठ भरले, चित्र आलं, आणि जितेंद्रचा फोन वाजला. "अबे आलोच ना, क्रेट सावलीत घे, पाणी नको मारू वरून," तो खोलीतच ओरडायला लागला. वंदनानं वळून त्याला बाहेर जायची खूण केली, तो जाईना, तिनं पुन्हा खूण केली. तो गेल्यावर ती बाईंना म्हणाली, हं, आता पाहा. तिनं स्वतःही पाहिलं, उजव्या डोळ्यानं. साठ, शांत, सुरेख.

"पुन्हा टुकटुक," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"नीट पाहा."

"नीटच पाहून राहिली. पुन्हा आलं ते."

वंदनानं पाचव्यापुढे चुकीची खूण केली. ठीक आहे, सहात एक चूक माणसाची असतेच. ती सहाव्या फेरीसाठी छप्पन भरायला वळली आणि तिच्या मॉनिटरवर छप्पनच लिहिलेलं होतं. ती त्या आकड्याकडे पाहत राहिली. फोन, हाताच्या खुणा, दरवाजा. मांडीवरचे हात मांडीवरच राहिले होते. ठेवू का हे विचारणाऱ्या पाटीला तिनं हो म्हटलंच नव्हतं, पंधरा सेकंद होऊन गेले, आणि कार्ड मुकाट छप्पनावर परत गेलं होतं. बाई बरोबर होत्या. आणि तिनं, वंदनानं, त्याच छप्पनाकडे उजव्या डोळ्यानं पाहिलं होतं आणि तिला ते शांत दिसलं होतं, सुरेख दिसलं होतं.

खोलीत काहीच बदललं नव्हतं. बाहेर जितेंद्र फोनवर बोलत होता. तिला मात्र पायाखालची फरशी किंचित उतरती झाल्यासारखं वाटलं. डोळ्यानं वही वाचली होती. वहीत साठ होते म्हणून साठ दिसले. मग सकाळी दहा चाळीसला दिसलेली थरथर? तेव्हाही पाठीवरचा छप्पन आकडा तिनं आधी वाचलेला होता. इतवारीतल्या त्या मॉनिटरांचं तर पेन्सिलीनं सिद्ध झालं होतं, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. पण त्यानंतरच्या किती मॉनिटरांसमोर तिनं पेन्सिल हलवली होती? किती वेळा माणसांनी ताईंना दिसलं म्हणजे आहे असं म्हटलं आणि तिनं तो मान घेतला? ती मोजू लागली आणि मग मोजणं थांबवलं, कारण मनकर्णाबाई खुर्चीवरून तिच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते होतं जे तिनं सत्त्याण्णव सालच्या आरशात पाहिलं होतं. आपलंच काही चुकलं असावं, असं मान्य करून टाकलेल्या माणसाचा चेहरा.

"बाई," वंदना म्हणाली, "तुमचं चुकलं नाही. चूक माझी झाली. पडदा मागे गेला होता, मले कळलंच नाही. तुमाले कळलं."

"म्हणजे टुकटुक होती?"

"होती. आताची होती, आणि इतक्या वर्षांची बी होती. तुमच्या डोक्यात नाही, या पडद्यात आहे."

 बाई हळू म्हणाल्या, "मी आमच्या घरी सांगितलं होतं. चार वर्षं झाली सांगून." आणि सोफ्याच्या काठावर बसणाऱ्या त्या बाई पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसल्या. सहावी फेरीही त्यांनी बरोबर सांगितली. वंदनानं पाचव्यापुढची खूण खोडून बाजूला लिहिलं: चूक माझी, उत्तर बरोबर. सहापैकी सहा. लिहिताना तिला जे वाटलं ते पराभवासारखं नव्हतं. भागाकार खरा होता, काटलेला समास खरा होता, आणि ते खरं आहे हे आकडा न वाचता सांगणारं माणूस समोर बसलं होतं. रुपराव शेठच्या हातात पेन्सिल असताना शेठ कुठे उभे होते, ते तिला आज आतून दिसलं. तिथे उभं राहणंही काही कमी ताठ नव्हतं.

"झालं का ऑपरेशन?" जितेंद्र आत आला. सगळं कळल्यावर तो मांडी थोपटत हसला. "म्हणजे ताई, तुमचा डोळा नापास आन मावशीचा पास! मावशी, आता तूच दुकान टाक नंदनवनात."

"टाकतो ना," बाई म्हणाल्या. "तुले झाडू माराले ठेवतो."

वंदनानं साठ भरले, या वेळी पाटीला हो म्हटलं, कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू करून पाहिला आणि पडद्याच्या पाठीवरचं छप्पन पुसून नवे आकडे सुबक अक्षरांत लिहिले. सव्वा वाजता गाडी निघाली. जाताना बाईंनी पडद्याची चादर स्वतः गुंडाळली. त्यानंतर वंदना जेवली, शुक्रवारची डॉक्टरांची वेळ पक्की केली, आणि दुपारभर आपल्या मॉनिटरवर करडा रंग उघडून एकेका डोळ्यानं पाहत बसली. कधी हलला, कधी नाही. ते तिनं वहीत लिहिलं नाही.

सहा वाजून पंचवीस मिनिटांनी जितेंद्रचा फोन आला. यंत्र चार पन्नासला सुरू झालं, अर्धा माल निघाला, पडदा एकदाही काळा झाला नाही. डोक्याचं काय म्हणते मावशी, वंदनानं विचारलं.

"विचारलं ना मी, दोनदा विचारलं," तो म्हणाला. "मधात बोलू नको म्हणते. अजून उठलीच नाही खुर्चीवरून."